मंद आचेवरील घरगुती स्वयंपाक

मंद आचेवरील स्वयंपाक म्हणजे अन्न झाकलेल्या भांड्यात, कमी पण टिकून राहणाऱ्या उष्णतेवर, एक ते आठ तासांपर्यंत शिजवण्याची पद्धत. या कामासाठी 'स्लो कुकर' नावाचे विजेवर चालणारे भांडे विसाव्या शतकात प्रचारात आले. ही पद्धत मात्र त्या उपकरणाहून फार जुनी आहे. चुलीचा वैल, गोवऱ्यांची राख, जाड बुडाचे पातेले, गवताने भरलेली पेटी, प्रेशर कुकर किंवा सौर पेटी यांपैकी कोणत्याही साधनाने ती घरी साधता येते. उष्णता सतत देत राहण्यापेक्षा एकदा दिलेली उष्णता निसटू न देणे, हे या सर्व साधनांमागील समान तत्त्व आहे.

महाराष्ट्रात ही पद्धत डाळी, कडधान्ये, भरड धान्ये, मटण, गावठी कोंबडी आणि दुधाचे आटवलेले पदार्थ यांसाठी वापरली जाते. नाशिक जिल्ह्यातील नांदगाव तालुक्यासारख्या कोरडवाहू, जळाऊ लाकूड मोजके असलेल्या भागात तिचा संबंध चवीइतकाच इंधनाच्या काटकसरीशी आहे.

## परिभाषा

मराठीत आचेच्या तीव्रतेसाठी आणि शिजण्याच्या अवस्थांसाठी अनेक शब्द आहेत. भात किंवा डाळ टाकण्यापूर्वी उकळत ठेवलेल्या पाण्याला 'आधण' म्हणतात. पदार्थ जोराने उकळत असेल तर तो 'खदखदतो'. दाट पदार्थ हळूहळू बुडबुडे काढत शिजत असेल तर तो 'रटरटतो'. आच बंद केल्यावर झाकणाखालची वाफ अन्नात 'जिरते' आणि मसाला 'मुरतो'. तोंड बंद केलेल्या भांड्यात स्वतःच्याच वाफेवर शिजवण्याला 'दम देणे' म्हणतात. कितीही शिजवले तरी टणक राहणारा कडधान्याचा दाणा म्हणजे 'गणंग'.

'बिरबलाची खिचडी' हा वाक्प्रचार कधीच पूर्ण न होणाऱ्या कामासाठी वापरला जातो. त्यामागील गोष्टीत खिचडीचे मडके विस्तवापासून फार उंच टांगलेले असते. मंद आच आणि अपुरी आच यांतील फरक या गोष्टीत नेमका दिसतो. मंद आचेवर पदार्थ आवश्यक तापमानाला पोहोचतो आणि तिथे टिकून राहतो. अपुऱ्या आचेवर तो त्या तापमानाला पोहोचतच नाही.

## शास्त्रीय तत्त्व

पाणी उकळू लागल्यावर त्याचे तापमान वाढत नाही. समुद्रसपाटीला ते सुमारे १०० अंश सेल्सियसला उकळते. उंची सुमारे ३०० मीटरने वाढली की उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो, त्यामुळे ५०० ते ६०० मीटर उंचीच्या पठारी प्रदेशात तो ९८ अंशांच्या आसपास असतो. उघड्या भांड्याखाली आच कितीही मोठी केली, तरी आतील पदार्थ याहून अधिक तापत नाही. जादा उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते.

हा खर्च मोठा असतो. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे ३१५ किलोज्यूल ऊर्जा लागते. तेच एक लिटर पाणी उकळून पूर्ण उडवण्यास सुमारे २,२६० किलोज्यूल, म्हणजे सातपटीहून अधिक ऊर्जा लागते. एक किलो स्वयंपाकाच्या गॅसमधून सुमारे ४६ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. त्यांपैकी ६० टक्के भांड्यापर्यंत पोहोचते असे धरले, तर एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने उडवण्यात सुमारे ८० ग्रॅम गॅस जळतो. झाकण ठेवणे आणि उकळी येताच आच कमी करणे या दोन साध्या सवयींनी वाचणारे इंधन प्रामुख्याने हेच असते.

शिजणे म्हणजे पदार्थाच्या घटकांत होणारे बदल. प्रत्येक बदलाला वेगळे तापमान लागते.

* स्टार्च: तांदळातील स्टार्च साधारण ७० ते ८० अंशांदरम्यान पाणी शोषून फुगतो. म्हणून उकळी आलेला भात आचेवरून उतरवून झाकून ठेवला, तरी पूर्ण शिजू शकतो.
* पेक्टिन: भाज्या व कडधान्यांच्या पेशींना बांधून ठेवणारा हा घटक सुमारे ८५ अंशांच्या वर सैल होऊ लागतो. त्यामुळे हरभरा, मटकी, हुलगे यांना उकळीच्या जवळचे तापमान दीर्घकाळ मिळावे लागते.
* कोलॅजन: मान, खांदा, नळी अशा कष्ट करणाऱ्या स्नायूंच्या मांसात हे चिवट प्रथिन अधिक असते. सुमारे ७० अंशांच्या वर ते हळूहळू जिलेटिनमध्ये बदलते. या बदलाला काही तास लागतात. त्यातून मांस मऊ होते आणि रश्शाला दाटपणा येतो.

यामुळेच सुमारे सहा आठवड्यांच्या ब्रॉयलर-पिलापेक्षा वयस्क गावठी कोंबडीला मंद आच अधिक मानवते. कोवळे मांस दीर्घकाळ शिजवल्यास तंतू सुटून कोरडे लागते.

## नांदगाव परिसरातील पारंपरिक पद्धती

नांदगाव तालुका नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागात, मुंबई–भुसावळ लोहमार्गावर आहे. त्याच्या सीमेला जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव लागून असल्याने येथील बोलीवर आणि जेवणावर खान्देशाची छाप दिसते. तालुका पर्जन्यछायेत येतो. बाजरी, मका, कापूस आणि कांदा ही या भागातील ओळखीची पिके आहेत. घरातील अन्न आणि चुलीतील जळण अशा दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी याच शेतांतून येतात.

### चूल आणि वैल

मातीच्या पारंपरिक चुलीला मुख्य तोंडाशेजारी दुसरे एक तोंड असते. त्याला वैल म्हणतात. वैलात स्वतंत्र जाळ नसतो. मुख्य चुलीतील तप्त वायू आतल्या भोकातून वैलाकडे येतात आणि तेथील भांड्याला मंद उष्णता देतात. मुख्य चुलीवर भाकरी भाजली जात असताना वैलावर डाळ शिजते, आमटी गरम राहते किंवा पाणी तापते. मंद आचेच्या स्वयंपाकासाठी वेगळे इंधन लागत नाही, हे या रचनेचे वैशिष्ट्य आहे. भाकरीसाठी जळलेल्या लाकडाच्या उरलेल्या उष्णतेवर ते काम होते.

स्वयंपाक आटोपल्यावर जाळ ओढून घेतला, तरी चुलीच्या जाड मातीत आणि निखाऱ्यांत बराच वेळ धग राहते. निखाऱ्यांवर राख पसरली की त्यांना हवा कमी मिळते आणि ते सावकाश जळतात. अशा झाकलेल्या विस्तवावर कडधान्याचे मडके ठेवून शेतावर जाणे, ही ग्रामीण घरातील जुनी सोय होय.

### इंधनाचे गुण

सर्व जळण मंद आचेला सारखे उपयोगी पडत नाही. तुराट्या आणि पऱ्हाट्या, म्हणजे तूर व कपाशीची वाळलेली खोडे, भडकन पेटतात आणि लवकर विझतात. त्यांचा उपयोग आधण आणण्यासाठी आणि वांगी भाजण्यासाठी होतो. बाभळीचे लाकूड जड असल्याने त्याचे निखारे दीर्घकाळ टिकतात. शेणाच्या गोवऱ्या ज्वाळेपेक्षा धुमसण्याने अधिक जळतात आणि एकसारखी, सौम्य उष्णता देतात. मडक्यातील दूध दिवसभर तापत ठेवण्यासाठी गोवरीचा विस्तव वापरला जाई. अशा दुधाला जाड, तांबूस साय येते.

### पदार्थ

बाजरीची खिचडी हा खान्देश व लगतच्या भागातील हिवाळी पदार्थ आहे. बाजरीला पाण्याचा हात लावून ती उखळात कांडतात, कोंडा पाखडून टाकतात आणि भरड दाणे डाळीसह शिजवतात. बाजरीचा दाणा तांदळापेक्षा सावकाश मऊ होतो, त्यामुळे उकळीनंतर खिचडी निखाऱ्यांवर मुरत ठेवावी लागते. हुलग्यांचे (कुळथाचे) माडगे आणि कढण यांनाही वेळ द्यावा लागतो. बट्टी हा कणकेच्या गोळ्यांचा पदार्थ गोवऱ्यांच्या विस्तवात व राखेत भाजून वरणाबरोबर खाल्ला जातो. येथे राख उष्णता अडवण्याचे आणि ती सर्व बाजूंनी सारखी पोहोचवण्याचे काम करते.

## महाराष्ट्रातील इतर पद्धती

रायगड जिल्ह्यात हिवाळ्यात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा आणि आवडीनुसार बटाटे, अंडी किंवा कोंबडी भरून मडके उपडे ठेवतात आणि त्याभोवती जाळ करतात. पाणी न घालता, शेंगांच्या अंगच्या ओलाव्याची वाफ होऊन पदार्थ शिजतो.

कोकणात काकडीचे धोंडस किंवा तवसाळे भाजताना भांड्याच्या खाली आणि झाकणावर अशा दोन्ही ठिकाणी निखारे ठेवण्याची रीत आहे. घरात भट्टी नसताना तिचे काम करणारी ही युक्ती होय. दमाच्या पदार्थांत झाकणाच्या कडेला भिजवलेल्या कणकेची पट्टी लावून वाफ कोंडली जाते. कोल्हापूरच्या तांबड्या आणि पांढऱ्या रश्शाचा आधार असलेला मटणाचा अळणी अर्कही हाडे व मांस सावकाश उकळून काढला जातो.

## उपकरणांचा इतिहास

उष्णता कोंडून शिजवण्याच्या तत्त्वावर एकोणिसाव्या शतकापासून स्वतंत्र साधने तयार होऊ लागली. १८६७च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात नॉर्वेच्या योहान सोरेन्सेन यांनी उष्णतारोधक पेटीचा 'स्वयंचलित' कुकर मांडला. उकळी आलेले भांडे पेटीत बंद केले की ते विस्तवाशिवाय शिजत राही. याच कल्पनेचे घरगुती रूप म्हणजे गवत भरलेली पेटी. दोन्ही महायुद्धांच्या काळात युरोपात इंधनटंचाईमुळे तिचा प्रसार झाला. दक्षिण आफ्रिकेत सारा कॉलिन्स यांनी २००८मध्ये याच तत्त्वावर 'वंडरबॅग' ही जाड, भरावाची पिशवी आणली.

भारतात बंगालमधील डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१०मध्ये इकमिक कुकर तयार केला. एकावर एक रचलेले डबे मोठ्या नळकांड्यात ठेवून तळाशी थोडा कोळसा पेटवला, की भात, डाळ व भाजी एकाच वेळी वाफेवर शिजत. देखरेखीची गरज नसल्याने एकट्याने राहणाऱ्यांना तो सोयीचा होता.

महाराष्ट्रात याच धर्तीवरील नंतरचे साधन म्हणजे सराई कुकर. डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या 'आरती' (समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्था) या संस्थेने त्याचा प्रसार केला. सुमारे १०० ग्रॅम कांडी कोळशावर त्यात एका कुटुंबाचे जेवण शिजते. असा कोळसा उसाच्या पाचटासारख्या शेतातील टाकाऊ मालापासून बनवता येतो. पाचटापासून कोळसा करण्याच्या तंत्रासाठी या संस्थेला २००२मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला.

विजेवरील स्लो कुकरचा उगम अमेरिकेत झाला. अर्व्हिंग नॅक्सन यांना त्यांच्या भांड्याचे एकस्व १९४०मध्ये मिळाले. ज्यू कुटुंबांत शब्बाथच्या दिवशी विस्तव पेटवत नसल्याने आदल्या संध्याकाळी भट्टीत ठेवल्या जाणाऱ्या 'चोलंट' या पदार्थावरून त्यांना ती कल्पना सुचली होती. १९७१मध्ये हे भांडे 'क्रॉक-पॉट' नावाने बाजारात आले. भारतीय घरांत मात्र त्याचा फारसा प्रसार झाला नाही. येथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रेशर कुकर रुळला आणि डाळ-तांदूळ शिजवण्याचा वेळ तासांवरून मिनिटांवर आला.

## स्लो कुकरशिवाय वापरता येणाऱ्या पद्धती

### गॅसची शेगडी

सर्वांत लहान बर्नर, जाड बुडाचे भांडे आणि घट्ट झाकण एवढ्यावर ही पद्धत चालते. मोठ्या आचेवर उकळी आणून आच सर्वांत बारीक करतात. तरीही पदार्थ बुडाला लागत असेल, तर भांड्याखाली लोखंडी तवा ठेवतात. तव्यामुळे ज्योतीची उष्णता एका ठिकाणी न लागता बुडाला सर्वत्र पसरते. झाकण खोलगट असल्यास त्यावर पाणी ठेवण्याची पद्धत आहे. या पाण्यामुळे आतील वाफ झाकणाला लागून थेंबांच्या रूपाने परत पदार्थात पडते. रस आटल्यास तेच गरम पाणी भांड्यात घालता येते. वाऱ्याने बारीक ज्योत विझून गॅस पसरण्याचा धोका असल्याने शेगडी उघड्या खिडकीसमोर ठेवत नाहीत आणि पेटती शेगडी सोडून घराबाहेर जात नाहीत.

### प्रेशर कुकर

एक वातावरण इतक्या जादा दाबाखाली कुकरमधील पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. ही जलद पद्धत असली, तरी आच बंद केल्यानंतरचा तिचा टप्पा मंद शिजण्याचाच असतो. पूर्ण दाब आल्यावर एक-दोन शिट्ट्यांनंतर गॅस बंद करून वाफ आपोआप जिरू दिल्यास दाणे त्या उष्णतेत शिजत राहतात. वाफ घाईने सोडल्यास ही उष्णता वाया जाते, शिवाय डाळीचे दाणे फुटून फेस बाहेर येतो. कडधान्य कुकरमध्ये मऊ करून घेऊन नंतर उघड्या पातेल्यात मसाल्यासह मंद आचेवर मुरवणे, ही आजच्या घरांतील प्रचलित तडजोड आहे.

### उष्णतारोधक पेटी

बाहेरून कोणतीही उष्णता न देता शिजवण्याची ही पद्धत आहे. वेताची टोपली, लाकडी खोके किंवा जाड पुठ्ठ्याचा खोका घेऊन त्यात वाळलेले गवत, भाताचा पेंढा, कापूस किंवा जुन्या गोधड्या दाबून भरतात. मध्ये भांडे घट्ट बसेल एवढी जागा ठेवतात. भराव खाली, वर आणि सर्व बाजूंनी निदान चार बोटे जाड असावा लागतो. भरावात अडकलेली स्थिर हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. भराव ओला झाल्यास हा गुण नाहीसा होतो, म्हणून तो अधूनमधून उन्हात वाळवतात.

कृतीचे टप्पे असे आहेत:

१. कडधान्य आदल्या रात्री भिजत घालावे.
२. पदार्थ झाकण ठेवून पूर्ण उकळीला आणावा आणि प्रकारानुसार ५ ते ३० मिनिटे उकळू द्यावा, म्हणजे दाण्याच्या किंवा तुकड्याच्या मध्यापर्यंत उष्णता पोहोचते.
३. झाकण न उघडता भांडे लगेच पेटीत ठेवावे आणि वरून भरावाची उशी दाबावी.
४. ठरलेला वेळ होईपर्यंत पेटी उघडू नये.
५. वाढण्यापूर्वी पदार्थ पुन्हा उकळीला आणावा.

भांडे मोठे आणि भरलेले असेल तर ही पद्धत अधिक परिणामकारक ठरते. पदार्थात साठलेली उष्णता त्याच्या आकारमानावर, तर तिची गळती पृष्ठभागावर अवलंबून असते. त्यामुळे चार लिटरचे भरलेले पातेले काही तास गरम राहते, तर अर्धा लिटरचे भांडे लवकर निवते. पेटीत वाफ जवळजवळ उडत नसल्याने पाणी नेहमीपेक्षा कमी घालतात.

### ओव्हन, थर्मास आणि राइस कुकर

विजेच्या ओव्हनमध्ये झाकलेले, उष्णता सहन करणारे भांडे १२० ते १४० अंशांवर ठेवल्यास मटणासारखे पदार्थ तीन ते चार तासांत मऊ होतात. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये उकळते पाणी आणि आधी उकळून घेतलेले तांदूळ किंवा रवा घालून एका माणसापुरती पेज किंवा खीर करता येते. थर्मास अगोदर उकळत्या पाण्याने विसळून गरम करून घेतात. राइस कुकरमधील 'वॉर्म' ही स्थिती मात्र शिजलेले अन्न गरम ठेवण्यासाठी असते. कच्चे मांस किंवा कडधान्य शिजवण्यास तिचे तापमान पुरेसे नसते.

### सौर पेटी

काळ्या रंगाची, दुहेरी काचेची आणि आरशाचे झाकण असलेली सौर पेटी स्वच्छ उन्हात पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर तापते. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास ठेवलेले डाळ-भात दुपारच्या जेवणापर्यंत तयार होतात आणि करपत नाहीत. नांदगावसारख्या कमी पावसाच्या प्रदेशात वर्षातील बराच काळ ती वापरता येते, मात्र पावसाळ्यातील ढगाळ दिवसांसाठी दुसरी सोय ठेवावी लागते. फोडणी देणे आणि भाकरी भाजणे ही कामे तिच्यात होत नाहीत.

## पदार्थांनुसार लागणारा वेळ

खालील वेळा उष्णतारोधक पेटीसाठी आणि दोन लिटर किंवा त्याहून मोठ्या, भरलेल्या भांड्यासाठी अंदाजे आहेत. धान्याची जात, त्याचे वय आणि पाण्याचा गुण यांनुसार त्या बदलतात.

* तांदूळ: ५ मिनिटे उकळणे, पेटीत १ तास
* मूगडाळ, मसूरडाळ: ५ ते १० मिनिटे उकळणे, पेटीत १ ते दीड तास
* भिजवलेली तूरडाळ: १५ मिनिटे उकळणे, पेटीत २ ते ३ तास
* भिजवलेली मटकी, हुलगे: १५ ते २० मिनिटे उकळणे, पेटीत ३ तास
* भिजवलेले हरभरे: ३० मिनिटे उकळणे, पेटीत ३ ते ४ तास
* कांडलेली बाजरी व डाळ: १५ मिनिटे उकळणे, पेटीत २ ते ३ तास
* मटण, गावठी कोंबडी: परतून ३० मिनिटे उकळणे, पेटीत ३ ते ४ तास

गॅसच्या बारीक आचेवर किंवा वैलावर तापमान उतरत नसल्याने पेटीपेक्षा थोडा कमी वेळ पुरतो.

## पाणी, आंबट आणि मीठ

विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही, अशी तक्रार दुष्काळी भागांत नेहमी ऐकू येते. तिला शास्त्रीय आधार आहे. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम दाण्यातील पेक्टिनशी जोडले जाऊन त्याला घट्ट करतात. जुन्या आणि दमट उष्ण जागी साठवलेल्या कडधान्यात गणंग अधिक निघतात. अशा वेळी शक्य असल्यास भिजवण्यासाठी आणि शिजवण्यासाठी साठवलेले पावसाचे किंवा गोडे पाणी वापरतात. चिमूटभर खाण्याच्या सोड्याने दाणे लवकर मऊ होतात, परंतु त्यामुळे 'ब१' जीवनसत्त्वाचा नाश होतो आणि प्रमाण जास्त झाल्यास चव साबणासारखी लागते. भिजवण्याच्या पाण्यात थोडे मीठ घातल्यास साल मऊ होण्यास मदत होते.

चिंच, आमसूल, टोमॅटो आणि ताक यांतील आम्लामुळेही पेक्टिन सैल होण्यास उशीर लागतो. म्हणून आमटीत आंबट नेहमी डाळ पूर्ण शिजल्यावरच घालतात.

## सुरक्षितता

मंद आचेच्या स्वयंपाकातील मुख्य धोका अन्न कोमट राहण्याचा असतो. साधारण ५ ते ६० अंशांदरम्यान अन्नातील जिवाणू वाढतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स आणि बॅसिलस सेरियस यांचे बीजाणू उकळीतही टिकतात आणि अन्न कोमट झाल्यावर पुन्हा सक्रिय होतात. पहिला जिवाणू प्रामुख्याने मांसाच्या रश्शात, तर दुसरा भातात आढळतो. बॅसिलस सेरियसचे उलटी घडवणारे विष पुन्हा उकळल्यानेही नष्ट होत नाही. त्यामुळे रात्रभर कोमट राहिलेला भात गरम करून खाणे सुरक्षित नसते.

नवी पेटी वापरण्यापूर्वी तिची परीक्षा घेता येते. नेहमीचे भांडे उकळत्या पाण्याने भरून पेटीत ठेवावे आणि चार तासांनी तापमापकाने पाहावे. तापमान ६० अंशांच्या खाली गेले असेल, तर भराव वाढवावा किंवा शिजवण्याचा काळ कमी करावा. शिजलेले अन्न लगेच खायचे नसेल तर ते उथळ भांड्यांत काढून लवकर निववावे आणि शीतकपाटात ठेवावे.

राजमा आणि घेवड्याचे दाणे यांबाबत विशेष काळजी घ्यावी लागते. साताऱ्याच्या कोरेगाव भागातील प्रसिद्ध वाघ्या घेवडाही याच वर्गातील आहे. या दाण्यांत फायटोहिमॅग्लुटिनिन हे विषारी प्रथिन असते. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या व जुलाब होण्यास पुरतात. सुमारे ८० अंशांवर कितीही वेळ शिजवले तरी हे प्रथिन पूर्णपणे निष्प्रभ होत नाही. म्हणून दाणे निदान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात खदखदून ३० मिनिटे उकळावेत आणि त्यानंतरच मंद आचेवर ठेवावेत. प्रेशर कुकरमध्ये शिजवलेल्या राजम्यात हा धोका राहत नाही.

भांड्याची निवडही महत्त्वाची असते. आंबट पदार्थ दीर्घकाळ तांब्या-पितळेच्या भांड्यात राहिल्यास धातू अन्नात उतरतो. अशा भांड्यांना आतून कल्हई, म्हणजे कथिलाचा थर, असावा लागतो. कथिल सुमारे २३२ अंशांना वितळत असल्याने कल्हईचे भांडे रिकामे तापवत नाहीत. कोळशाची शेगडी किंवा कोळशावरील कुकर बंद खोलीत वापरू नये. धुमसणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो.

## इंधन, धूर आणि श्रम

चुलीवरील मंद आचेचे अन्न चविष्ट मानले जाते, आणि 'चुलीवरचे मटण' अशा पाट्या महामार्गांवरील ढाब्यांवर सर्रास दिसतात. घरात मात्र या चवीची किंमत प्रामुख्याने स्त्रियांनी मोजली. जळण गोळा करणे, गोवऱ्या थापणे, फुंकणीने विस्तव फुलवणे आणि तासन्‌तास धुरात बसणे ही कामे त्यांच्याच वाट्याला येत. लाकूड व गोवऱ्यांच्या धुराचा श्वसनाच्या आणि डोळ्यांच्या विकारांशी संबंध आहे. केंद्र सरकारने १९८३मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेतून गरीब कुटुंबांतील स्त्रियांच्या नावे गॅसजोडण्या देण्यात आल्या.

गॅसमुळे धूर गेला, पण वैलही गेला. चुलीवर भाकरीबरोबर जवळजवळ फुकट शिजणारे कडधान्य आता प्रत्येक मिनिटाला विकतचे इंधन मागते. त्यामुळे सिलिंडर संपत आला की किंवा त्याचा खर्च परवडेनासा झाला की अनेक ग्रामीण घरांत जास्त वेळ घेणारे पदार्थ पुन्हा चुलीवर जातात आणि धूरही परत येतो. उष्णतारोधक पेटी, वाफ जिरेपर्यंत न उघडलेला कुकर आणि सौर पेटी यांचे महत्त्व येथे आहे. वैलाचे काम ही साधने धुराशिवाय करतात. आधण आणण्यापुरता गॅस आणि त्यापुढे कोंडलेली उष्णता अशी विभागणी केल्यास हुलगे, हरभरा आणि बाजरी यांसारखे पौष्टिक पण शिजायला जड अन्न कमी खर्चात घरात टिकून राहू शकते.

## हे सुद्धा पहा

* चूल
* प्रेशर कुकर
* सौर चूल
* पोपटी
* खान्देशी खाद्यसंस्कृती